लाल रेघ दोन पायऱ्या वर

पेंटरला सगळं गाव पेंटरच म्हणायचं. घरातसुद्धा बायको "अहो पेंटर, जेवताय ना?" अशीच हाक मारायची, आणि लग्नाला तीस वर्षं झाल्यावर त्यालाही ते खटकेनासं झालं होतं. पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. किराणा दुकान, दवाखाना, सायकल दुरुस्ती, बंदरावरच्या होड्यांचे नंबर, जे म्हणाल ते. सुतळीला खडूची पूड लावायची, दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत पकडून सोडायची, की फळ्यावर फट्दिशी रेघ उमटायची. त्या रेघेवर तो अक्षरं बसवायचा ती अशी, की मालक रस्त्यापलीकडे जाऊन दोन-दोनदा बघायचा आणि उगाचच मिशीवर हात फिरवायचा.

पुढे छापील फ्लेक्स आले आणि पाट्यांचा धंदा बसला. पण नाव राहिलं. गावात कोणाचं काही सरळ, नीटनेटकं असलं की लोक म्हणत, "पेंटरने मारलेली रेघ आहे जणू." हे ऐकून पेंटर मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, विनय आहे बिचाऱ्याचा. विनय कसला! सहा वर्षं तो एका रेघेपायी मनातल्या मनात मरत होता.

गावाबाहेर समुद्रात, खडकांच्या एका रांगेच्या टोकाला शंकराचं देऊळ आहे. किनाऱ्यापासून दोनशे पावलं. मधे दगडांची वाट, अरुंद आणि सखल. भरती चढली की वाट पाण्याखाली जाते आणि देवळाचं बेट होतं. मग पाणी उतरेपर्यंत आतला माणूस आत. आणि घाईघाईने निघाला तर त्याहून वाईट, कारण वाटेच्या दोन्ही अंगांना खोल घळी आहेत आणि त्यांतून पाणी जोरात खेचतं. देवळाच्या बाजूला समुद्रात उतरणाऱ्या सात पायऱ्या आहेत. त्यांतल्या एका पायरीवर लाल रेघ मारायची, म्हणजे पाणी रेघेला लागलं की सगळ्यांनी उठायचं, अशी साधी सोय करायचं देवळाच्या पंचांनी ठरवलं, आणि काम अर्थातच पेंटरकडे आलं.

एका म्हाताऱ्या नावाड्याने त्याला पायरी दाखवली होती. खालून तिसरी. "इथं पाणी टेकलं, की वाटेवर घोटाभर येतं. माणूस चालत जाऊ शकतो. याच्या वर गेलं तर मी जबाबदार नाही," असं म्हणून नावाड्याने विटेच्या तुकड्याने खूण केली आणि तो आपल्या वाटेने गेला.

तिसरी पायरी शेवाळाने बुळबुळीत होती. तिच्यावर शिंपल्यांचे खवले चिकटलेले. तारेच्या ब्रशने खरवडायची, पाणी हटलं की सुकू द्यायची, अस्तर मारायचं, ते वाळायच्या आत पुन्हा पाणी हजर. ओल्या दगडावर ऑइल पेंट धरत नाही, हे पेंटरइतकं कोणाला माहीत असणार? चार-पाच ओहोट्यांचं काम होतं ते. पेंटरने एक ओहोटी खरवडण्यात घालवली, बोटं सोलून घेतली, आणि वैतागला. वर बघितलं तर पाचवी पायरी कोरडी, स्वच्छ, उन्हात तापलेली. नुसता ब्रश टेकवायचा अवकाश.

त्याने पाचव्या पायरीवर रेघ मारली. चार बोटं रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाचाही फरक नाही. सध्या इथे मारू, उन्हाळ्यात समुद्र शांत झाला की खाली नीट करू, असं त्याने स्वतःला सांगितलं. पंच आले, रेघ बघून खूश झाले. एकाने तर खाली वाकून डोळा बारीक करून रेघेचा सरळपणा तपासला. कुठल्या पायरीवर आहे, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही आणि पेंटरने तोंड उघडलं नाही. म्हातारा नावाडी त्याच महिन्यात मुलाकडे राहायला गेला, तो कायमचा.

उन्हाळा आला आणि गेला. असे सहा गेले. खरं सांगायचं तर अडलं काहीच नव्हतं, कारण जुना पुजारी रेघेकडे ढुंकूनही बघायचा नाही. पाण्याचा आवाज बदलला की तो पळी खाली ठेवायचा आणि "उठा रे, उठा, देव कुठे पळून जात नाही," म्हणत लोकांना बाहेर काढायचा. पण दोन महिन्यांपूर्वी तो थकला आणि नवा पुजारी आला. तरुण, भला, आणि समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघणारा. तो काटेकोरपणे रेघेवर चालतो, असं पेंटरने न्हाव्याच्या दुकानात ऐकलं. त्या दिवशी तो अर्धी दाढी झाल्यावरच उठायला निघाला होता. न्हाव्याने खांदा दाबून बसवलं. दाढी पूर्ण होईपर्यंत पेंटरचा धीर संपला, आणि तो पंचांकडे न जाता घरी गेला.

अशात लेकीबरोबर तिचे सासू-सासरे पहिल्यांदाच चार दिवस राहायला आले. व्याही जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, शर्टाच्या खिशात अजूनही पेन्सिल. विहीणबाई मात्र मोकळ्या, हसऱ्या, गुडघ्यांनी बेजार. लेकीने आठवडाभर आधी फोनवरून बापाला बजावलं होतं, "बाबा, घर झाडून घ्या, रंगाचे डबे मागे टाका, आणि जुना शर्ट घालू नका." आपल्या बापाची सासरी काय किंमत राहते, याची त्या पोरीला फार काळजी होती, आणि पेंटरला तिच्याहून जास्त.

सकाळी देवळात जायचं ठरलं. बायको स्वयंपाकासाठी मागे राहिली. पेंटर, लेक आणि व्याही-विहीण असे चौघे निघाले. ओहोटी होती, वाट उघडी होती. विहीणबाईंनी लेकीचा हात धरून एकेक दगड पार केला. आत गर्दी अशी नव्हती, पंधरा-वीस माणसं. दर्शन झालं, आणि सगळे बाहेरच्या ओसरीवर वाऱ्याला बसले. एका म्हाताऱ्या बाईने सरकून लेकीला जागा करून दिली, पाठीमागे घ्यायला आपली पिशवीही दिली.

"आणि ती बघा बाबांची रेघ!" लेक म्हणाली. सहा वर्षांत हे वाक्य तिने किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे.

व्याही उठले, पायऱ्यांपाशी गेले, पाठीमागे हात बांधून बघत राहिले. "चाळीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या मी," ते म्हणाले. "अशी रेघ नाही बघितली. मानलं तुम्हाला."

पेंटर हसला. हसताना त्याची नजर खाली गेली. तिसऱ्या पायरीवरून एक लाट गेली, मागे हटली, आणि दुसरी आली ती हटलीच नाही. रेघ वर कोरडी ठणठणीत होती, सगळ्यांना दिलासा देत.

"चला, निघू या," पेंटर म्हणाला.

"एवढ्यात? रेघ अजून केवढी लांब आहे!" विहीणबाई म्हणाल्या. "एवढी चालून आले, जरा टेकू द्या हो."

आता खरं सांगायचं, नाहीतर काहीतरी करायचं. त्याने लेकीकडे बघितलं. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. व्याही अजून रेघेपाशीच उभे होते. पेंटरने पोट धरलं. "पोटात कळ येतेय," तो म्हणाला. "जोराची."

एकदम धावपळ झाली. लेक घाबरली, व्याह्यांनी खांद्याला आधार दिला, विहीणबाई गुडघे विसरून उठल्या. चौघे वाटेवरून निघाले तेव्हा घोटाभर पाणी होतं. नावाड्याचं मोजमाप तंतोतंत खरं होतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर त्याला एका खडकावर बसवलं. व्याह्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. लेक पाठ चोळायला लागली. पेंटर डोळे मिटून बसला होता, पण डोळे मिटल्यावरही त्याला ओसरीवरची माणसं दिसत होती. निवांत बसलेली, रेघेवर विश्वास ठेवून. पाणी आज तेवढं चढणार नाही, असं त्याने ठरवून बघितलं. पुजारी शहाणा आहे, असंही ठरवून बघितलं. मग त्याला दुसराच विचार आला, आणि त्या विचाराची त्याला जन्मभर लाज वाटणार होती. उठलो तर कारण सांगावं लागेल, हा तो विचार. अशी वीस-पंचवीस मिनिटं गेली. लेकीच्या हाताखाली पाठ चोळून घेत गेली.

मग वाऱ्यावरून देवळातल्या घंटेचा आवाज आला, कोणीतरी नुकतंच दर्शनाला उभं राहिल्याचा. पेंटर उठला आणि पळत सुटला.

"बाबा! अहो, कुठे चाललात?"

तो पाण्यात शिरला होता. वाटेवर आता गुडघ्याएवढं पाणी. पायाखालचा दगड तो सवयीने शोधत गेला. एक चप्पल गेली, मग दुसरी गेली. देवळात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"उठा! सगळे उठा! वाट बुडतेय!"

तरुण पुजारी समजावणीच्या सुरात म्हणाला, "काका, शांत व्हा. रेघेला अजून पाणी लागलेलं नाही. अजून वीतभर बाकी आहे."

"ती रेघ चुकीची आहे."

"काका, ती पंचांनी—"

"मी मारलीय ती! मीच! दोन पायऱ्या वर मारलीय. खाली रंग धरत नव्हता, कंटाळा आला मला. आता उठताय का?"

पुढचं सगळं पटापट झालं. माणसांनी एकमेकांचे हात धरले, पेंटर सगळ्यांत पुढे, कारण पाण्याखालची वाट नुकतीच पायाने शोधत तोच आला होता. पुजाऱ्याने म्हाताऱ्या बाईला पाठुंगळी घेतलं. मधल्या घळीपाशी पाणी मांडीपर्यंत आलं आणि पाय खेचायला लागलं. एक माणूस पडला, दोघांनी त्याला बखोटीला धरून ओढलं. तो पेंटरला आईबहिणीवरून शिव्या देत होता आणि पेंटरला त्या शिव्या बऱ्या वाटत होत्या. अखेरीस सगळे वाळूवर आले. मागे वळून बघितलं तर वाट दिसत नव्हती, आणि पाणी नुकतं कुठे लाल रेघेला लागत होतं.

किनाऱ्यावर भलतंच घडलं. आतलं बोलणं किनाऱ्यावर कोणी ऐकलेलं नव्हतं, आणि आतही ते दोघा-तिघांनीच नीट ऐकलं होतं; बाकीच्यांच्या कानावर 'वाट बुडतेय' एवढंच पडलं होतं. पुजाऱ्याला अजून दम लागला होता, शिव्या देणारा ओकत बसला होता. म्हातारी बाई मात्र पाठीवरून उतरली ती थेट पेंटरकडे आली, आणि तिने त्याचे हात कपाळाला लावले. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं पोट दुखत असताना गेलात हो!" त्या म्हणाल्या. "सूनबाई, तुझे वडील म्हणजे देवमाणूस."

व्याह्यांनी स्वतःचा कोरडा रुमाल पुढे केला. लेकीने दोन्ही हातांनी बापाचा दंड धरला होता, आणि ती सासूकडे अशी बघत होती, जशी लहानपणी बक्षीस घेऊन घरी आल्यावर आईकडे बघायची.

पेंटरने पुजाऱ्याकडे बघितलं. पुजाऱ्याने नजर वळवली. पोरगं भलं होतं; आज तरी ते काही बोलणार नव्हतं. शिव्या देणाऱ्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. गप्प राहायला हरकत नव्हती. सहा वर्षांची सवयही होती.

"माझं पोट दुखत नव्हतं," पेंटर म्हणाला.

कोणाला कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, आणि मग रेघेचं सांगितलं. नावाड्याची खूण, शेवाळ, कोरडी पायरी, सगळं. सांगताना तो वाळूकडे बघत होता.

व्याह्यांनी हातातल्या रुमालाची उगाच घडी घातली. "दोन पायऱ्या म्हणजे हातभर," ते म्हणाले.

"हो. हातभर."

विहीणबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. शेवटी गेलात ना धावत."

"बाबा," लेक म्हणाली. तिने दंड सोडला होता. "आपण निघालो तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी तुमची पाठ चोळत होते तेव्हा?"

"तेव्हाही."

"मग इतका वेळ बसून कशाची वाट बघत होता?"

खोटं बोलायचं बळ आता त्याच्यात उरलं नव्हतं. "तुझ्या सासरच्यांना कळेल, म्हणून बसलो होतो," तो म्हणाला.

लेकीने म्हाताऱ्या बाईकडे बघितलं. ती बाई वाळूत बसून, भिजलेल्या पदराने पाय पुसत होती, आणि तिची पिशवी कुठेच नव्हती.

"त्यांनी मला सरकून जागा दिली होती, बाबा," लेक म्हणाली. "त्यांना तिथेच बसवून तुम्ही मला बाहेर आणलंत."

ती बाईजवळ जाऊन बसली आणि तिचे पाय आपल्या ओढणीने पुसायला लागली. पेंटर अनवाणी उभा होता. पुढे व्हावं, माफी मागावी, असं त्याला फार वाटलं, पण त्या दोघींजवळ जायचं तोंड त्याला नव्हतं.