आसरांचं देऊळ आणि तळघरातला पंप

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या आवारातच, मागच्या भिंतीला लागून, एक झरा होता आणि त्याच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. अशी ठाणी हिंडून तिथल्या चालीरीती टिपून घेण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून ठामपणे सांगते: आसरा असतात तिथे जिवंत पाणी असतं. तिथे कोणी थुंकत नाही, चपला घालून जात नाही, बांधकाम तर नाहीच नाही. बाळंतीण सव्वा महिन्याने पाणी पुजायला जाते ती तिथेच. देवीच्या धाकाने का होईना, लोकांनी पाणी राखलं होतं.

मग सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालं. नकाशात नेमकं झऱ्यावर तळघरातलं पार्किंग. सभेत मी उभी राहिले आणि झरा का ठेवायचा ते सांगितलं. अध्यक्षांनी हात जोडले.

"मॅडम, आपण अजिबात काळजी करू नका. देवींना गेटपाशी छान जागा देऊ. संगमरवरी."

"अहो, प्रश्न देवींच्या जागेचा नाही, पाण्याचा आहे."

"आपल्या भावना पोचल्या," ते म्हणाले. वर टाळ्या पडल्या.

एखाद्या नास्तिकाने झरा बुजवला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. यांनी मुहूर्त काढला, गुरुजी बोलावले, दगड वाजतगाजत गेटपाशी नेले आणि मग झऱ्यावर काँक्रीट ओतलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मलाच देवळाच्या फलकासाठी मजकूर मागितला. "तुमचं संशोधन आहे ना, चार ओळी द्या." आमचं संशोधन यांना पाटाभोवतीच्या रांगोळीपुरतं हवं असतं. स्वयंपाक काय करायचा ते ठरवताना आम्हाला कोणी विचारत नाही. मी एक ओळही दिली नाही.

पाणी कुठे जाणार? ते तळघरात यायला लागलं. तिथे खड्डा करून पंप बसवला. तो पाणी उपसून गटारात सोडतो, आणि उन्हाळ्यात त्याच आसरांच्या देवळासमोरून टँकर आत येतात. याची कोणाला लाजही वाटत नाही.

परवा शेजारची सून बाळाला घेऊन देवळाशी आली. सव्वा महिना झाला होता. बरोबर सासू, ताटात ओटी, हळदकुंकू. मलाही बोलावलं होतं.

"काकू, पूजा पाण्याची ना?" सुनेने मला विचारलं. "मग पाणी कुठंय?"

सासूने पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढली. माझं डोकंच फिरलं.

"ठेवा ती आत," मी म्हटलं आणि दोघींना घेऊन तळघरात उतरले. गाड्यांच्या मागे कोपऱ्यात तो खड्डा. पाणी इतकं नितळ, की तळाचा पंप स्पष्ट दिसत होता. सुनेने काही न विचारता चपला काढल्या. बाळ सासूकडे दिलं, वाकून पाण्यात हळदकुंकू वाहिलं.

तेवढ्यात अध्यक्ष गाडी काढायला आले.

"मॅडम, हे काय चाललंय? देऊळ वर आहे!"

"आणि पाणी?" मी विचारलं.

खड्ड्यातला पंप आपोआप सुरू झाला आणि नुकतंच वाहिलेलं हळदकुंकू आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओढून गटारात घेऊन गेला.