फळीवरचं पाणी

येडशीला छोटी रेल्वेगाडी आली तेव्हा माझ्या गाठोड्यात धपाटी (मिश्र पिठाच्या तिखट भाकऱ्या) आणि शेंगांची चटणी होती. डोक्यात एकच काम होतं. मुंबईला गेलेल्या मिलिंदला, माझ्या थोरल्याला, परत आणायचं. गावात नवी दूध संस्था निघाली होती. चेअरमननं त्याच्यासाठी दूध मोजायची जागा धरून ठेवली होती, तीही सोमवारपर्यंतच. दुष्काळी कामावर खडी फोडून मी त्याला दहावी केलं होतं. आता घरी पगार यावा, एवढंच मला हवं होतं.

कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढताना चप्पल तुटली. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, मुंबईत अनवाणी फिरणार व्हय?"

"गावात तरी कुठं रोज घालते?"

दोघी हसलो आणि धपाटी खाल्ली. उजाडलं तेव्हा घाटात सगळं हिरवंगार होतं. मला त्या हिरव्याचा रागच आला.

मिलिंद स्टेशनवर आला होता. वाळला होता. त्यानं मला पाव खाऊ घातला. तोंडात घातला की विरतो, खाल्ल्यासारखं वाटतच नाही. तिथंच मी सोमवारचं काढलं.

"माय, आधी माझं काम बघ. मग बोल," तो म्हणाला.

आधी तो सिनेमावाल्यांना चहा द्यायचा, मग कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलायचा. आता कॅमेरा हातात मिळाला होता. त्या दिवशी बिस्किटाची जाहिरात होती. समुद्राजवळच्या टेकडीवर उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंनी बंगले. श्रीमंतांची पोरं चाकांच्या फळीवर (तिला स्केटबोर्ड म्हणतात) उभी राहून खाली सुटायची. त्यांच्या मागं तसल्याच फळीवर उकिडवा बसून, कॅमेरा पोटाशी धरून मिलिंद.

मी आधी डोळ्यांवर पदर घेतला. मग नीट बघितलं, आणि ओळखलं.

दुष्काळात टँकर वेशीपर्यंतच यायचा. मिलिंदनं एका फळीला मोटारीचे जुने बेरिंग बसवून गाडी केली होती. तिच्यावर उकिडवा बसून, घागर पोटाशी धरून तो उतारानं आमच्या वस्तीत यायचा. पाणी हिंदकळू नये म्हणून मी घागरीत कडुलिंबाचा डहाळा टाकायची. पुढं त्याला डहाळाही लागेना. इथंही कोपरं तशीच, ओठ तसेच मिटलेले.

खाली पोचल्यावर जाहिरात काढणाऱ्या साहेबानं विचारलं, "कॅमेरा हलला का रे?"

"न्हाय."

साहेबानं पुन्हा विचारलं नाही. सगळे सामान आवरायला लागले.

मिलिंद माझ्याकडं आला. "बोल आता."

"पोटाला खात जा. हाडं दिसायलीत."

"आन् सोमवार?"

"सोमवारचं मी बघते."

गावी आल्यावर चेअरमन चावडीपुढंच भेटले. "काय मावशी, पोरगं कुठंय?"

"जागा दुसऱ्याला द्या, तात्या."

"तिथं करतंय तरी काय?"

"इथं करायचं तेच. फळीवरनं पाणी आणतंय."

"मुंबईत?"

"व्हय. सांडत न्हाय."

पुढं मिलिंद कितीतरी वर्षं तेच करत राहिला. सिनेमातली माणसं त्याला फळीवाला म्हणायची. आता वस्तीत नळ आलाय, घरात टीव्ही आहे. त्याचं काम लागलं की नातवंडं ओरडून मला बोलावतात. पडद्यावर कोण नाचतंय, कोण पळतंय, मला कळत नाही. उतार आला की मी अजून श्वास रोखून धरते.