करग्याच्या नमुन्यावरची चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलत गेलो.

भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांची एक अलमारी तिथं आहे. तिच्यात करग्याचा एक नमुना आहे. करगा म्हणजे धानासारखंच दिसणारं रानटी तण. पिकायच्या आधीच त्याचे दाणे गळून पडतात. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात ठिकाण आहे : कारधा, वैनगंगेचा काठ.

नमुना गोळा केला त्या दिवशी मी कारध्याला गेलोच नव्हतो. नदीकाठचा चिखल नको म्हणून शहापूरजवळ, हायवेला लागून असलेल्या तलावातून तो उपटला. दौरा कारध्याचा मंजूर होता, म्हणून तसं लिहिलं.

काही वर्षांनी संशोधन करणारी एक मुलगी ती चिठ्ठी वाचून दोन दिवस कारध्याचा काठ तुडवून आली. "सर, तिथं तर करगा नाहीच." विभागप्रमुख माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "चिकटवण्याआधी, वाळवणीचे कागद बदलताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल."

कागद बदलायचं काम प्रयोगशाळेतल्या परिचराचं. तो वरठीहून सायकलनं यायचा. पावसाळ्यात नमुन्यांना बुरशी लागू नये म्हणून सुट्टीच्या दिवशीही येऊन ओले कागद काढायचा, कोरडे घालायचा.

"सर, मी कागद बदलवतो. चिठ्ठीले हात नाही लावत," तो एवढंच म्हणाला. मी हजेरीपट उचलून तासाला गेलो.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी अलमारीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. निवृत्त होईपर्यंत तो फाटकावर बसला. मी आत जाताना उठून नमस्कार करायचा.

मागच्या हिवाळ्यात वरठीला त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर होता.

"या सर! वाट चुकले काय?" तो हसला. मग म्हणाला, "अलमारीत डांबरगोळ्या टाकते का कोणी? नाही तं किडा लागते."

"टाकतात," मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं. चहा प्यालो, तब्येतीला जपा म्हणालो आणि निघालो.

होळीच्या आधी तो गेला.

आमच्या शास्त्रात नमुन्यावरची जुनी चिठ्ठी फाडत नाहीत. चूक सुधारायची तर शेजारी नवी डकवतात. गेल्या आठवड्यात मी डकवली. शहापूर, तलावाचा काठ. आधीचं ठिकाण खोटं, ते मी लिहिलं. परिचराची चूक नव्हती.

वरठीला गेलो तेव्हा हेच लिहिलेला कागद माझ्या खिशात होता. त्यात शेवटी आणखी एक ओळ होती, ती नमुन्यावर डकवता येत नाही : भाऊ, माझं चुकलं. माफ करा.