तिने काच का लावली?

हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी सांगते, कारण प्रज्ञाने आता धुळ्यात सगळ्यांना सांगितलंच असेल.

प्रज्ञा माझी मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावर. मे महिन्यात तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती पारोळ्याहून धुळ्याला गेली. मी आईबरोबर स्टँडवर निरोप द्यायला गेले. गाडी सुटताना खिडकीवर थाप मारत हात करत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काच लावून घेतली.

सांगा, काय वाटेल? मी फोन केला नाही. तिनेही नाही. शाळा सुरू झाली, तरी बाकावर तिची जागा सोडूनच बसायचे.

मग सरांनी शाळेत एक जुना जपानी सिनेमा दाखवला. घटना एकच, पण जो तो वेगळीच सांगतो. मला वाटलं, आपणही साक्षीदारांना विचारावं.

आई म्हणाली, "अगं, अर्धी खिडकीबाहेर येऊन हात करत होती ती."

स्टँडवर काकड्या विकणाऱ्या अक्का म्हणाल्या, "तुनी मैत्रीण ना? रडी ऱ्हायनी व्हती, माय."

रडत होती म्हणे! पण सिनेमा पाहून मी शहाणी झाले होते ना! आई माझी समजूत काढतेय आणि अक्कांना काकडी खपवायची आहे, असं मी ठरवून टाकलं. खरं फक्त माझं.

तरी राहवेना. शेवटी आईच्या फोनवरून विचारलंच, "काच का लावलीस?"

"कुठली काच?"

"गाडीची. मी एवढा हात करत होते."

"तू भडगावच्या गाडीला हात करत होतीस, बाई."

"पिवळा स्कार्फ होता, तुझ्यासारखाच. तोंडाला बांधलेला."

"उन्हाळ्यात पारोळ्यात कोण तोंड उघडं ठेवून फिरतं? मी शेजारच्या गाडीतून घसा फोडत होते. मला वाटलं, रागावलीस म्हणून मुद्दाम बघत नाहीस."

मला त्या भडगावच्या मुलीची दया आली. अनोळखी पोरगी रडत खिडकी बडवतेय म्हटल्यावर काच कोण लावणार नाही?

मग ती हळूच म्हणाली, "रविवारी येशील?"

"येते. तुला ओळखेन मी लांबूनच."

"नको. तू उतरलीस की जागची हलू नकोस. कोणाला शोधायचं नाही, कोणाला हात करायचा नाही. मीच येते तुझ्याकडे."