पिवळं बटण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तोही आता राहिला नाही. तुम्हाला का सांगते आहे—ते मलाही नीट ठाऊक नाही.

माझी सासू म्हातारपणी आंधळी झाली. दिवसभर टीव्हीसमोर बसायची, नुसत्या आवाजासाठी. जंगली जनावरांचं एक चॅनल होतं. त्यावर एक पुरुष मराठीत वाघ-अस्वलांची माहिती सांगायचा, सावकाश, भारदस्त आवाजात. तो थांबला की ही त्याला उत्तर द्यायची. मग मला ऐकवायची, "या घरात तोच एक माणसावानी बोलते वं. तुयं बोलनं म्हंजे भांडे आपटनं."

टीव्हीच्या बॉक्सच्या रिमोटवर एक पिवळं बटण होतं. ते दाबलं की चित्र तेच राहायचं, आवाजाची भाषा बदलायची. एका दुपारी मी ते दाबलं. तेलुगू लागलं.

"काऊन वं, तो कुठं गेला?"

आम्ही तेलुगू मुलखातले मराठी; त्याच आठवड्यात आमचं राज्य वेगळं झालं होतं. मी म्हटलं, "नवं राज्य आलं, आत्याबाई. मराठी बंद केली सरकारनं."

तिनं विश्वास का ठेवला? निजामाच्या कचेरीतली उर्दू गेलेली तिनं पाहिली होती, मग शाळेवर तेलुगू पाटी लागलेली. भाषा हुकमानं जाते, हे तिला मी शिकवलं नव्हतं. मी फक्त—ते वापरलं.

तिला वाटलं, घरातही मनाई आहे. ती कुजबुजू लागली. मग नुसते ओठ हलायचे. हाक मारायची नाही, टाळी वाजवायची. घर शांत झालं. मला बरं वाटलं—हेही लिहिते.

एका संध्याकाळी टीव्ही बंद होता, आणि तिच्या तोंडातून त्या तेलुगू माणसाचा आवाज आला. तसाच खोल. दारात तेलुगू शेजारीण उभी होती, तिनं अर्थ सांगितला: पाणी आटलं, कळप पुढे निघून गेला. सासूला तेलुगू येत नव्हती.

शेवटच्या आजारात मी बटण दाबून मराठी परत आणली. वाटलं, खूश होईल. तिनं चाचपडत माझं मनगट धरलं.

"बंद कर, बाई. बाहेर ऐकू जाईन. तुले नेतीन."

मला नेतील, ही भीती. तेव्हा तरी खरं सांगायचं—नाही का? मी पिवळं बटण दाबलं. तेलुगू लागलं. तिनं श्वास सोडला, मग माझं मनगट सोडलं. चार दिवसांनी ती गेली. मधल्या चार दिवसांत एक शब्द बोलली नाही.