खालचा खोका

आर्किटेक्चरला माझा नंबर लागला आणि लॅपटॉप घ्यायला आम्ही बापलेक जाफराबादहून एसटीनं जालन्याला गेलो. वडिलांचा सगळा जन्म कापूस खरेदी करण्यात गेलेला. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून ते तळाचा कापूस उपसून बघायचे, कारण वर पांढराशुभ्र आणि खाली ओला, हा आमच्याकडचा जुना डाव.

दुकानदारानं गोड गोड बोलत थप्पीतला वरचा खोका उचलला. त्याच्या गोड बोलण्यावर माझाही विश्वास नव्हताच. वडील म्हणाले, "हा न्हाई. सगळ्यात खालचा काढा."

"काका, सगळे एकच हायेत."

"एकच हायेत ना, मंग खालचा द्यायला काय झालं?"

दुकानदारानं तोंड पाडलं, पण खोका काढला. परतीच्या एसटीत वडील तो मांडीवर घेऊन कुस्ती मारून आल्यासारखे बसले होते.

घरी लॅपटॉप सुरू केला, तर त्यात कुणाच्या तरी बंगल्याचा नकाशा निघाला. जिना, मोरी, देवघर, सगळं काढलेलं. वापरून परत आलेला माल आमच्या गळ्यात मारला होता. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन दुकान गाठलं आणि मी तोंडाला येईल ते बोललो.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "मी तर वरचाच देत होतो. खालचा तुम्ही मागितला." मग वडिलांकडं वळून हळूच म्हणाला, "काका, माझा बापबी कापसाचाच व्यापारी होता. आपल्याकडचं गिऱ्हाईक हात कुठं घालतं, ते मला बराबर माहीत हाय."