भोंगातात्यांची बारी

बैलगाडा शर्यतीच्या घाटात भोंगातात्या माइक हातात घ्यायचे तो केवळ रिवाज म्हणून. ओतूरला त्यांनी “भिर्रर्र” केलं की घाटघरची जनावरं दावणीला उठून उभी राहायची आणि कळंबला हायवेवरचे ट्रक आपोआप बाजूला व्हायचे. एकदा त्यांचा घसा बसला, तर तीन गावांनी यात्रा पुढे ढकलल्या. देवांनीही कुरकूर केली नाही.

बारी सुटून गाडा निशाणापाशी पोचला की घड्याळवाला चिठ्ठी द्यायचा आणि तात्या सेकंद पुकारायचे. ते पुकारतील तो निकाल. सख्ख्या मेव्हण्याचा गाडासुद्धा त्यांनी पाव सेकंदासाठी मागे टाकला होता. मेव्हण्यानं पाच दिवाळ्या अबोला धरला. “घड्याळ काय आपलं पावणं न्हाई,” एवढंच तात्या म्हणाले.

आमच्या गावात एक अण्णा आहेत. नाव लिहीत नाही, माझं घर त्यांच्याच रस्त्यावर आहे. त्यांना विचारल्याशिवाय गावात कोणी निवडणुकीचा अर्ज भरत नाही. पारावरचा वडदेखील परवानगी घेऊन पान गाळतो. एका वर्षी गावच्या यात्रेत घाटघरच्या एका बाईंचा गाडा अण्णांच्या गाड्यापेक्षा अर्धा सेकंद आधी पोचला. चिठ्ठी तात्यांच्या हातात पडली, तसे अण्णा स्टेजवर चढले आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून कानाशी वाकले. मी यात्रा समितीचा चिटणीस, शेजारीच बसलो होतो.

“तात्या, आकडा बदला. पोरगी रोज यष्टीनं ओतूरला कॉलेजात जाती ना? एकलीच?”

समोर लाखभर माणूस, खांद्यावर तो हात, आणि स्टेजला जिना एकच. मग तात्यांनी माइक तोंडाशी धरला.

“मंडळी, स्टेजवर नवी बारी सुटली! अण्णा कानात म्हणत्यात, आकडा बदल, न्हाईतर तुझ्या पोरीकडं बघतो! आता ही धमकी एकट्या माझी न्हाई राहिली. पोरीला काय झालं तर तुमी समदे साक्षीदार! आन् पयला नंबर घाटघरच्या बाईंचा! भिर्रर्र!”

टाळी एक नाही. लाखभर माणूस आपापल्या चपला बघू लागला.

“लई गंमत करता राव, तात्या,” म्हणत अण्णा हसत खाली उतरले.

पुढच्या सालापासून तात्यांना एकाही घाटाचं बोलावणं आलं नाही. ‘निवेदक बाहेरचा आणावा’ हा आमच्या समितीचा ठराव माझ्याच अक्षरात आहे. तात्यांनी तो सावकाश वाचला. “अक्षर लई देखणं हाय रे तुझं,” म्हणाले.

मग रोज सकाळी ते पोरीसोबत यष्टीनं ओतूरला जायचे, कॉलेजच्या फाटकाबाहेर दिवसभर बसायचे आणि तिला घेऊन परतायचे. अशी तीन वर्षं. तिची पदवी झाली आणि बापलेक गाव सोडून गेले.

त्या तीन वर्षांत एकदा मी त्याच यष्टीत चढलो. पोरगी पुढे मैत्रिणींत होती, तात्या खिडकीशी, शेजारची जागा मोकळी.

“ये की, बस,” म्हणत ते सरकले.

मागच्या बाकावर अण्णांचा माणूस होता. मी ओतूर येईपर्यंत दांडा धरून उभा राहिलो.